सुरईतला सांधा

गेल्या आठवड्यात आम्ही प्रयोगशाळेत काही जुन्या कांड्या वितळवल्या. बिस्मथच्या, बोटाएवढ्या, वरून काळपट पडलेल्या. लढाईमुळे विलायतेहून बिस्मथ यायचं बंद झालं आहे, तेव्हा जुनं वितळवून नवं ओतणं यात विशेष काही नाही. मुशीत कांडी जरा कलंडते, कडेनं चमकायला लागते आणि मग एकाएकी तिचं पाणी होतं. पण या वेळी ते पाहताना मला इतकं मोकळं वाटलं की काम संपल्यावरही मी शेगडीपाशी उभाच राहिलो. शिपायानं दोनदा विचारलं, "साहेब, काही राहिलं का?" नाही म्हणालो. खरोखरच काही राहिलं नव्हतं.

मी बोलणारा माणूस नाही. घरात सगळ्यांना ते ठाऊक आहे आणि त्यांनी ते सोडूनही दिलं आहे. पण न बोलणं आणि लपवणं यात फरक असतो, आणि मी कितीतरी वर्षं दुसरं करून पहिल्याच्या नावावर खपवत होतो.

हे सुरू झालं तेव्हा मी काशीहून शिकून येऊन इथल्या कॉलेजात नुकताच डेमॉन्स्ट्रेटर लागलो होतो. माझ्याच टेबलावर काम करणारा माझा मित्र काटोलकडचा. घरी संत्र्यांचे बगीचे. एम.एस्सी. होऊन तो आमच्या सरांकडे संशोधनाला राहिला होता, पण बोली घरचीच ठेवली होती. सर आमच्या विभागाचे प्रमुख. त्यांच्याशी बोलतानाही तो 'मले', 'तुमाले' सोडत नसे, आणि सरांनाही त्याचं काही वाटत नसे.

आमचं काम होतं सांध्यांचं. दोन वेगळ्या धातूंच्या कांड्या दोन्ही टोकांना जोडायच्या, एक सांधा तापवायचा, दुसरा थंड ठेवायचा, की त्या कड्यातून वीज वाहते. अगदी बारीक, पण वाहते. उलटंही होतं. बाहेरून वीज सोडली, तर एक सांधा तापतो आणि दुसरा थंड पडतो. हे दोन्ही जुन्या पुस्तकांतून आहे. माझ्या मित्राला वेड लागलं ते या उलट्या बाजूचं.

त्याचं असं झालं. एका जानेवारीत सरांनी आम्हाला जुना प्रयोग करून दाखवला. बिस्मथ आणि अँटिमनीच्या सांध्यात लहानसा खळगा कोरला, त्यात पाण्याचा एक थेंब सोडला, सगळं बर्फात ठेवून गार केलं आणि मग बॅटरीची वीज सोडली. थेंब थोडा वेळ तसाच थरथरत राहिला. मग पांढुरका झाला. सरांनी टाचणी टोचली, ती आत जाईना.

"बर्फ झाला सर!" माझा मित्र ओरडला, आणि आम्ही काही म्हणायच्या आत त्यानं तो कण टाचणीनं उचलून जिभेवर ठेवला.

"अरे मूर्खा, अँटिमनी आहे त्यात! थुंक!"

तो धावत जाऊन थुंकून आला, पण तोंडभर हसत. "थंड होता सर. खरंच थंड होता."

त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात पेटी शिरली. त्याच्या घरची संत्री मालगाडीच्या वाघिणीतून कलकत्त्याला जात. वाटेत डबा तापे, आणि पोचेपर्यंत वरच्या पेट्या ठीक, मधल्या नासलेल्या. बर्फ घालून माल पाठवणं परवडत नसे. म्हणून याला बिनबर्फाची पेटी हवी होती: आत सांधे, बाहेर बॅटरी, संत्री आपली गार. विभागात त्याची थट्टा चाले. "काय गा, पेटी केव्हा देऊन राहिला?" असं जो तो विचारी. सर एवढंच म्हणत, "पेटी नंतर. आधी कांडी."

कांडी म्हणजे तिची ताकद. साधी जोडी फार दुबळी पडे, म्हणून तो बिस्मथमध्ये थोडं कथील, थोडं अँटिमनी असं निरनिराळ्या प्रमाणात मिसळून कांड्या ओतत असे, आणि दर डिग्रीमागे कोणती जोडी किती वीज देते ते आम्ही मोजत असू. गरम सांधा उकळत्या पाण्यात, थंड सांधा ठेचलेल्या बर्फाच्या बरणीत, आणि गॅल्व्हॅनोमीटरच्या आरशावरून पट्टीवर पडलेला उजेडाचा ठिपका. ठिपका जितका दूर सरके तितकी वीज जास्त. बर्फ अशासाठी, की वितळता बर्फ जागचा हलत नाही. बाहेर नागपूरचा मे पेटलेला असला तरी तो शून्यावरच. आमच्या सगळ्या मोजणीचा पाया म्हणजे ती बरणी.

एका मे महिन्यात त्यानं एक जोडी ओतली आणि सरांना सांगून टाकलं की ही शेवटची. हिच्यात दम निघाला तर पुढे जाईन, नाही तर वडील बोलावताहेत, जातो. त्याच वेळी त्याच्या भावाचं लग्न निघालं. जाताना कांड्या माझ्या हातात देऊन म्हणाला, "तू मोजून ठेव गा. बर्फ तेवढा ताजा घेजो."

त्याला हे माहीत नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं, की माझी बायको तापानं फणफणली होती. विषमज्वर. धंतोलीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, डोक्यावर बर्फ ठेवत राहा, ताप चढू देऊ नका. लग्नसराईचे दिवस, त्यात बर्फाच्या कारखान्याचं इंजिन बिघडलेलं. गावात बर्फ मिळेना. प्रयोगशाळेची बर्फाची लादी मात्र, बांधलेलं गिऱ्हाईक म्हणून, ठरल्याप्रमाणे सकाळी आली, भुशात घालून, तरटात गुंडाळून. मी ती सायकलला बांधली आणि घरी नेली.

त्याबद्दल मला तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा नेईन. वाईट वाटतं ते पुढचं.

सासूबाईंना तिच्याजवळ बसवून मी परत आलो. वाळ्याच्या ताट्यांमागे, खिडकीत, विभागाची सुरई असे. झळा सुरू झाल्या की तिचं पाणी असं गार होई की पहिल्या घोटाला दात शिवशिवत. मी म्हटलं, बर्फ नसेना का, ही सुरई आहे. थर्मामीटर बुडवून तिचं उष्णतामान पाहिलं आणि थंड सांधा काचेच्या नळीत घालून सुरईच्या तोंडातून आत सोडला. शून्य नाही तर नाही; जो आकडा असेल तो हिशेबात धरला की झालं. यात मला काही चूक दिसली नाही. नागपूरच्या माणसाला उन्हाळ्यात सुरईपेक्षा भरवशाचं दुसरं काय वाटणार?

दिवसभर मी मोजत राहिलो. मधून मधून कुणी येई, नळी बाजूला सरकवून पेला भरून घेई आणि पिऊन जाई. थर्मामीटर मी पुन्हा घातला नाही. माझं अर्धं लक्ष घरी होतं. संध्याकाळी आवरताना नळी बाहेर काढली तर सुरई काठोकाठ भरलेली.

आमच्या विभागात एक नियम होता, कुणी लिहिलेला नाही पण सगळ्यांनी पाळलेला: सुरईतला शेवटचा पेला जो पिईल त्यानं ती भरून ठेवायची. कुणीतरी भलेपणानं भरली होती. मेमधलं नळाचं पाणी म्हणजे अंघोळीला तापवावं न लागणारं पाणी. ते आत पडल्यावर माझा थंड सांधा थंड राहिलाच नसणार. म्हणजे दोन सांध्यांतलं अंतर मी धरलं होतं त्यापेक्षा कमी. म्हणजे जोडी असेल त्याहून दुबळी दिसणार. आणि ती दुबळीच दिसली होती.

सुरई मोजणी चालू असताना भरली असेल, तर चांगली जोडी मी वाईट ठरवली होती. सगळं झाल्यावर भरली असेल, तर काहीच बिघडलं नव्हतं. विभागात विचारलं असतं तर कळलं असतं. पण विचारायचं तर बर्फ कुठे गेला तेही सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी मोजायला मी गेलोच नाही. ताप वाढला, मी घरगुती कामाचं कारण देऊन रजा टाकली. ती उठून बसायला लागेपर्यंत मला दुसरं काही सुचलं नाही. मग कॉलेजात गेलो, तर मित्र परत येऊन टेबलाशी बसलेला.

"मोजलं?"

"मोजलं."

"काय निघालं?"

"दम नाही."

तो थोडा वेळ पट्टीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बर्फ टिकला होता ना गा?"

मी म्हणालो, "हो."

त्यानं स्वतः पुन्हा मोजलं नाही. मी मोजलं म्हणजे त्यानंच मोजलं, असा आमच्यात रिवाज होता. कांड्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यानं बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या, डबा कपाटात ठेवला आणि काटोलला निघून गेला. पुढच्या सत्रात टेबलाची ती बाजू रिकामी होती.

मैत्री तुटली नाही. तुटली असती तर सोपं गेलं असतं. हंगामात तो नागपूरला माल घेऊन येई, आणि दर वेळी घरी टोपलीभर संत्री टाकून जाई. मी ती खात नसे. मला संत्रं सोसत नाही, घसा धरतो, असं मी एकदा म्हणालो आणि तेच चालू राहिलं. नागपुरात राहून संत्रं न खाणारा माणूस म्हणून माझी नातेवाइकांत ख्याती झाली. तो स्वतः म्हणे, "वहिनी, याले परत काशीले पाठवा. हा आपल्याकडचा नाही." सगळे हसत. मीही हसे.

या फेब्रुवारीत सर निवृत्तीच्या तयारीला लागले. कपाटं उघडली. "जुनं बिस्मथ असेल ते वितळवून घ्या," मला म्हणाले. मी तो डबा काढला. कागद पिवळा पडला होता, कांड्या तशाच. त्या मुशीत गेल्या की जोडी चांगली होती की वाईट हे कुणालाच कधी कळणार नव्हतं. माझ्या दृष्टीनं ते सोयीचंच होतं. पण डबा हातात धरून उभा राहिलो आणि पाय शेगडीकडे जाईनात. मी सरांच्या खोलीत गेलो.

सगळं सांगितलं. बर्फ, सुरई, 'हो'. सर चष्मा पुसत ऐकत होते.

"पत्नीला बरं वाटलं ना तेव्हा?"

"हो सर."

"मग बर्फाचं सोडा. किती चुकलं?"

"माहीत नाही सर."

"अंदाजे?"

"तोही नाही. चुकलं असेल एवढंच…"

"म्हणजे तुम्ही अजून काहीच सांगितलेलं नाही." त्यांनी चष्मा लावला. "चुकलं म्हणता आणि किती ते माहीत नाही. कदाचित चुकलंही नसेल. कांड्या आहेत ना? मोजा."

मी बोलणी खायच्या तयारीनं गेलो होतो. रागावले असते तर मी मान खाली घातली असती आणि प्रकरण मिटलं असतं. त्यांनी तो रस्ता ठेवलाच नाही. मी दारापर्यंत गेलो तेव्हा म्हणाले, "आणि एकट्यानं मोजू नका. जोडी त्याची आहे. त्याला घेऊन या."

काटोलच्या मोटारीत मी सारखा शब्द जुळवत होतो. बगीच्यात पोचलो तर मृगाच्या बहाराची तोड चालू होती. मांडवाखाली संत्र्यांचे ढीग, गवत, फळ्यांच्या पेट्या. आणि त्या ढिगांतून बारीक तारा निघून एका खोक्याकडे गेलेल्या. मी वाकून पाहिलं. तांब्याची तार आणि कॉन्स्टंटन या मिश्रधातूची तार, टोकाला सांधा.

"पाहून काय राहिला?" तो मागून आला. "सांधे इथंबी आहेत. ढीग आतून किती तापला थे पाहतो, अन् निवला की मगच पेट्या भरतो. मधलं संत्रं आता नासत नाही, बाप्पा. पन तू कायले आला असा अचानक? वहिनी बरी आहे ना?"

मी उभ्या उभ्याच सांगितलं. जुळवलेले शब्द एकही उपयोगी पडले नाहीत. तो हातातलं संत्रं धोतराला पुसत होता, पुसतच राहिला.

"वहिनीले विषमज्वर होता?"

"हो."

"अन् तू मले सांगतलं नाही?"

"तुझ्या घरी लग्न होतं…"

"लग्न भावाचं होतं, माहं नव्हतं! मी थांबलो असतो ना गा! म्या मोजलं असतं, तू घरी बसला असता. घरवाली एवढी तापानं पडली अन् तू सुरईत तार सोडून बसला? काहून?"

तो खरोखर संतापला होता. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला गेला, तिथे पेटी ठोकणाऱ्या माणसावर उगाच ओरडला, आणि परत आला.

"सुरईत?"

"सुरईत."

"आपल्या त्या सुरईत? जिच्यातून सारा डिपार्टमेंट पानी पिये?" त्याच्या मिशा हलल्या. "सरले सांगतलं?"

"सांगितलं."

"काय म्हनले?"

"किती, म्हणाले."

तेव्हा तो हसला. पेटीवर बसून, गुडघ्यावर हात मारून हसला. "थेच म्हननार थे! दुसरं काय म्हननार!" मग हसू ओसरलं, आणि त्यानं हळूच विचारलं, "चांगली निघाली तं?"



दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं आम्ही दोघं निघालो. तो खिडकीबाहेर पाहत होता. मी डोळे मिटून देवाला एकच मागणं घालत होतो, आणि ते इथे लिहितो, कारण सगळंच लिहायचं ठरवलं आहे: माझ्या मित्राची जोडी वाईट निघू दे. त्याच्या तारुण्याची सगळी मेहनत कवडीमोल ठरू दे, म्हणजे ती मी बुडवली असं होणार नाही.

बर्फ त्यानं स्वतः आणवला आणि तरटात घालून स्वतःच ठेचला. सर स्टुलावर बसले. पाणी उकळलं, सांधे आपापल्या जागी गेले. मी पट्टीकडे जायला लागलो तसा तो म्हणाला, "तू नको. मी वाचतो."

ठिपका हलला. सरकत सरकत गेला, डळमळला, थांबला. माझा जुना आकडा, बर्फाच्या हिशेबात बदलून घेतलेला, मला तोंडपाठ होता. इतक्या वर्षांत तो विसरायची मी खूप खटपट केली होती. त्यानं नवा आकडा मोठ्यानं वाचला.

जुन्यापेक्षा जरा पुढे. अगदी जरासा.

"पुन्हा," सर म्हणाले. पुन्हा तेवढाच. सांधे उलटसुलट करून पाहिले, तरी तेवढाच. सरांनी कागदाच्या चिटोऱ्यावर हिशेब केला. "सुरई थोडी तापली होती. कुणी एखादा तांब्या ओतला असेल. बाकीची तुमची मोजणी आटोपल्यावर भरली." त्यांनी चिटोरा माझ्याकडे सरकवला. "हे एवढं चुकलं. त्या चुकीसकट आणि चुकीशिवाय, जोडी कच्चीच आहे. साधं बिस्मथ-अँटिमनी याहून बरं."

मित्र ठिपक्याकडे बघत होता. "म्हणजे पेटी झाली नसती सर?"

"या धातूंत नसतीच झाली. जो सांधा थंड करायचा त्याच्याकडे हीच कांडी दुसऱ्या टोकाची उष्णता वाहून आणते. वीज जाऊ देईल आणि उष्णता अडवेल असा पदार्थ हवा. तो अजून तरी कुणाला सापडलेला नाही. सापडेल कधी तरी. तुला सापडला नाही, मलाही नाही."

बर्फाच्या बरणीत खडा खाली बसल्याचा आवाज आला.

"बरं झालं," माझा मित्र म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं.

"खरंच बरं झालं गा. मलेबी सारखं वाटे, टेबलावरून लवकर उठलो का मी? आणखी एक ओतून पाहिली असती तं? अन् आता ही चांगली निघाली असती, तं मले पुन्हा इथं येऊन बसावं लागलं असतं. मंग संत्री कोन पाह्यल?"

"मी मोटारीत प्रार्थना करत होतो," मी म्हणालो. "वाईट निघू दे म्हणून."

"मीबी," तो म्हणाला.

सर उठले. "आता वितळवा," म्हणाले, आणि आपल्या खोलीत गेले.

त्या दिवशी तो आमच्याकडे जेवायला आला. बायकोला मी त्याच्यासमोरच सगळं सांगितलं. तिला आजवर वाटत होतं की तो बर्फ डॉक्टरांनी पाठवला होता. ती वाढता वाढता थांबली.

"म्हणजे माझ्या डोक्यावर भाऊजींच्या प्रयोगाचा बर्फ होता?"

"होता ना वहिनी! अन् यानं मले पत्ता लागू दिला नाही. आता तुमी रागावल्या की सांगजा, डोकं थंड करायले पुन्हा आनतो."

"रागावलेच आहे," ती म्हणाली, पण माझ्याकडे पाहून. "इतकी वर्षं घसा धरतो, घसा धरतो! दर हंगामात मी तुमच्यासाठी काढे उकळले ते कशाला?"

तिनं त्यानं आणलेल्या टोपलीतलं एक संत्रं उचलून माझ्या ताटाशी ठेवलं आणि ती आत गेली. मी ते सोललं. मित्र टक लावून बघत होता. पहिली फोड तोंडात घातली, दुसरी घातली.

"कसं आहे?"

"आंबट आहे," मी म्हणालो.

"असनारच. थे कच्चं होतं, बाजूचं घ्याले पायजे होतं," असं म्हणून त्यानं दुसरं शोधायला टोपली आपल्याकडे ओढली.